सावली खरंच उठली नाही का? यंग अडल्ट फँटसीतली पात्रं आणि अलंकार कसे अभ्यासायचे

यंग अडल्ट फँटसी, म्हणजे किशोर-तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या जादूच्या जगातल्या कादंबरीवर प्रकल्प किंवा निबंध लिहायचा ठरला की वहीत साधारणपणे दोन याद्या तयार होतात. एकीत पात्रांची नावं आणि त्यांच्यापुढे 'शूर', 'हट्टी', 'एकनिष्ठ' अशी विशेषणं. दुसरीत उपमा, रूपक, चेतनगुणोक्तीची वेचून काढलेली वाक्यं. दोन्ही याद्या भरगच्च असतात, आणि तरी लिहायला बसलं की पहिल्या परिच्छेदापुढे गाडी सरकत नाही. कारण या याद्यांचा एकमेकींशी काही संबंधच जोडलेला नसतो. एखाद्या मुलीला वादळ कशासारखं दिसतं, हे लेखकानं तिच्या जगण्यातून उचललेलं असतं. म्हणजे तिची उपमा हा तिच्याविषयीचाच पुरावा झाला. दोन्ही कामं एकत्र केली तर मेहनत कमी लागते आणि हाती जास्त येतं.

फँटसीत याशिवाय एक जादा अडचण आहे. वास्तववादी कादंबरीत 'तिचं रक्त गोठलं' हा वाक्प्रचार असतो, विषय संपला. इथे पुढच्याच ओळीत कुणीतरी तिच्या मनगटातून बर्फाचे कण काढत बसलेलं असू शकतं. अलंकार कुठला आणि घटना कुठली, हे आधी ठरवावं लागतं. नवख्यांच्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून खाली पाचव्या पायरीवर जास्त जागा खर्च केली आहे.

लेखभर एकच उतारा वापरला आहे. तो सरावासाठी रचलेला आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. नेवा ही दोर वळणाऱ्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी. तिला न्यायला एक अनोळखी माणूस आला आहे.

"दार उघडलं आणि थंडी आत आली, न विचारता, बुटांसकट. नेवानं आजीकडे पाहिलं. आजीचा चेहरा भिजलेल्या दोरासारखा आवळला होता.

'जा,' आजी म्हणाली. 'भरती कुणासाठी थांबत नाही.'

नेवा उठली. तिची सावली उठली नाही. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून ती तशीच पडून राहिली.

दारातल्या माणसानं ते पाहिलं आणि हातमोजे काढले. 'ती इथंच राहील,' तो म्हणाला. 'ठेव म्हणून.'"

आधी काय जमवायचं

- कादंबरीची एकच ठरावीक आवृत्ती. अभ्यास संपेपर्यंत ती बदलायची नाही. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे सरकतात आणि सगळ्या नोंदी निकामी होतात. ई-बुकमध्ये अक्षरांचा आकार वाढवला तरी हेच होतं, म्हणून पानाबरोबर प्रकरणाचा क्रमांकही नेहमी लिहा.
- साधारण ६० कोरी कार्डं किंवा पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद. वहीची पानं हलवता येत नाहीत, आणि सहाव्या पायरीवर सगळा खेळ हलवण्याचाच आहे.
- दोन रंगांचे स्टिकी नोट. एक पात्रांसाठी, एक भाषेसाठी. तिसरा रंग घेण्याचा मोह आवरा. चार-पाच रंग झाले की कुठला कशाचा हे आठवण्यातच वेळ जातो.
- पेन्सिल. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर तीही नको.
- शब्दकोश, आणि कादंबरीत ज्या धंद्याचे किंवा निसर्गाचे संदर्भ येतात त्यांची थोडी माहिती. हे कशाला, ते पुढे दोराच्या उदाहरणात कळेल.

वेळेचा हिशोबही आधीच मांडा. ९० हजार शब्दांची कादंबरी मिनिटाला २०० शब्द या वेगानं वाचली तर साडेसात तास लागतात. वाचन दोनदा करायचं आहे आणि दुसरं वाचन थांबत थांबत होतं. त्यामुळे वाचन आणि नोंदी मिळून किमान २० तास धरा, लिहिण्याचा वेळ वेगळा.

भाषांतरित पुस्तक असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कथानक आणि पात्रांच्या कृती भाषांतरात बहुतेक शाबूत राहतात, उपमा राहतातच असं नाही. भाषांतरकारानं मूळ प्रतिमेच्या जागी आपल्या भाषेतला वाक्प्रचार बसवलेला असू शकतो. मूळ भाषा येत असेल तर निबंधात वापरायची चार-पाच वाक्यं तरी मुळाशी ताडून पाहा. येत नसेल तर 'लेखिकेनं हा शब्द निवडला' असं न लिहिता 'भाषांतरात हा शब्द येतो' असं लिहा.

१. पहिलं वाचन: हात बांधून

पहिल्या वाचनात अधोरेखन करू नका. सुरुवातीला सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पहिल्या ५० पानांचा रंगपंचमीचा कागद होतो. प्रकरण संपलं की फक्त तीन ओळी लिहा: कुणाला काय हवं होतं, ते मिळालं का, आणि आता काय मागे घेता येणार नाही. तिसरी ओळ विसरू नका. पात्राचं वळण शोधताना पुढे तीच कामी येते.

इंटरनेटवरचे तयार सारांश या टप्प्यावर उघडू नका. त्यात पात्रांना आधीच विशेषणं चिकटवलेली असतात आणि एकदा वाचली की ती डोक्यातून जात नाहीत. पुस्तकावर सिनेमा किंवा मालिका निघालेली असेल तर धोका आणखी. नटाचा चेहरा, त्याचं बोलणं नकळत नोंदीत शिरतं, आणि पुस्तकात तसं एक वाक्यही नसतं.

२. त्या जगाचे नियम एका पानावर

दुसरं वाचन सुरू करण्याआधी एक पान काढा आणि त्या जगात काय शक्य आहे ते लिहा. तीन प्रश्न पुरतात. इथे काय घडू शकतं? ते कोण करू शकतं? त्याची किंमत काय?

आपल्या उताऱ्यापुरतं बोलायचं तर नोंद अशी होईल: 'सावली माणसापासून वेगळी होऊ शकते. ती ठेव म्हणून ठेवता येते. ठेवून घेणारे लोक वेगळे आहेत. किंमत: अजून कळलेली नाही.' प्रत्येक नियमापुढे तो पहिल्यांदा कुठे कळला ते प्रकरण लिहा. नियम पात्रांच्या तोंडून कळला असेल तर 'अमका म्हणतो' असं लिहा, कारण यंग अडल्ट फँटसीत मोठी माणसं नायिकेला जगाविषयी सर्रास खोटं सांगतात आणि पुस्तकाच्या उत्तरार्धात तो नियमच कोसळतो.

याच पानाच्या खालच्या भागात त्या जगातल्या म्हणी, शपथा, शिव्या लिहा. 'भरती कुणासाठी थांबत नाही' ही आजीची म्हण वाटते. पुस्तकात ती आणखी तीन जणांच्या तोंडी आली तर ती त्या गावाची भाषा आहे, आजीची नाही. मग तिच्यावरून आजीचा स्वभाव काढता येणार नाही.

३. पात्रांची कार्डं

सगळ्या पात्रांची कार्डं करू नका. मुख्य पात्र एक, त्याच्याभोवतीची तीन किंवा चार, बस्स. बाकीच्यांची नावं एका यादीत नात्यासकट टाका. फँटसीत नावांची गर्दी असते आणि एकाच माणसाला नाव, पदवी आणि टोपणनाव अशा तीन ओळखी असू शकतात. ती यादी केली नाही तर अर्ध्या पुस्तकात तुम्ही एका माणसाला दोन समजून बसाल.

प्रत्येक कार्डावर पाच बाजूंनी पुरावा गोळा करायचा: पात्र काय बोलतं, काय विचार करतं, काय करतं, कसं दिसतं आणि इतर जण त्याच्याशी कसे वागतात. यांतली शेवटची बाजू बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तीच सर्वांत बोलकी असते. दारातला माणूस नेवाशी बोलतच नाही, तो सावलीविषयी बोलतो. पण सावली आडवी झालेली पाहून तो हातमोजे काढतो. हा आदर आहे की कामाला लागण्याची तयारी? अजून सांगता येत नाही. कार्डावर 'हातमोजे काढतो' एवढंच लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

कार्डावर विशेषण लिहायचं नाही हा नियम कडकपणे पाळा. 'आजी कठोर आहे' ही नोंद नाही, तो निकाल आहे. नोंद अशी: 'नातीला एका शब्दात जायला सांगते. मिठी नाही. निरोप नाही. चेहरा आवळलेला.' विशेषण सगळ्यात शेवटी, आणि तेही टिकलं तरच.

मुख्य पात्राच्या कार्डाच्या मागच्या बाजूला चार रकाने करा: सुरुवात, मागे न फिरता येणारा पहिला निर्णय, सगळ्यात मोठं नुकसान, शेवट. प्रत्येकात पुस्तकातलं एकेक वाक्य जसंच्या तसं उतरवा. चार वाक्यं एकाखाली एक वाचली की पात्र बदललं की फक्त त्याची ताकद वाढली, हे दिसतं. या दोन गोष्टी एक नाहीत. तलवार चालवता येऊ लागली म्हणजे पात्राचा विकास झाला, असं लिहिणारे निबंध ढिगानं सापडतील.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन प्रकार मांडले. पात्र आपल्याला चकित करतं का, आणि ते पटतं का, ही त्यांची भरीवपणाची कसोटी अजूनही कामाची आहे. पण 'सपाट' हा शिक्का दोषासारखा मारू नका. पहारेकरी, खानावळवाली, रडका राजपुत्र यांना सपाट राहूनच काम करायचं असतं.

प्रॉप यांच्या भूमिकांची यादीही वर्गात शिकवली जाते. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांचा अभ्यास करून ३१ कार्यं (कथा पुढे नेणाऱ्या कृती) आणि ७ भूमिका वेगळ्या काढल्या: नायक, खलनायक, दाता, साहाय्यक वगैरे. या खणांत पात्रं भरत बसलात तर हाती काही लागणार नाही. उलटं करा. एकाच पात्राला दोन खण लागू पडतात का ते पाहा. आधी दाता आणि पुढे खलनायक ठरणारा गुरू सापडला तर त्याच्या वाट्याला आलेल्या उपमा दोन्ही टप्प्यांवर तपासा. लेखकानं इशारा बहुधा तिथेच पेरलेला असतो.

४. अलंकार वेचणं

दुसऱ्या वाचनात ३० ते ४० वाक्यं वेचा. ३५० पानांच्या पुस्तकात हे दर दहा पानांमागे एक पडतं. एका कार्डावर एकच वाक्य आणि त्याखाली सहा गोष्टी: प्रकरण-पान, कुणाच्या नजरेतून, उपमेय, उपमान, साधारण धर्म, त्या वेळी काय चाललं होतं.

उपमेय म्हणजे ज्याची तुलना करायची ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी करायची ते, आणि साधारण धर्म म्हणजे दोघांत सारखा असलेला गुण. हे शाळेत झालेलं असतं. इंग्रजी समीक्षा वाचणाऱ्यांना इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांची १९३६ सालची 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही जोडी भेटेल. व्यवहारात उपमेय-उपमानासारखीच वापरता येते, घाबरू नका.

साधारण धर्माचा रकाना कोरा सोडू नका आणि घाईनंही भरू नका. आजीचा चेहरा आणि भिजलेला दोर यांत सारखं काय? पहिलं उत्तर येतं: घट्टपणा. पण दोर भिजलेलाच का? नैसर्गिक तंतूंचा पिळाचा दोर भिजला की तंतू फुगतात, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. त्याला मारलेली गाठ आणखी घट्ट बसते आणि ओली असेपर्यंत सुटत नाही. म्हणजे हा चेहरा आवळला आहे तो ओलाव्यामुळे. आजी रडू दाबते आहे. 'कठोर आजी' हा निकाल आधीच लिहिला असता तर तो इथे फाडावा लागला असता. धंद्याची माहिती जवळ ठेवा म्हटलं ते यासाठी.

प्रकारांबद्दल थोडक्यात. 'चेहरा दोरासारखा' ही उपमा. 'चेहरा म्हणजे जणू दोरच' ही उत्प्रेक्षा. 'चेहऱ्याचा दोर आवळत गेला' हे रूपक. 'हा चेहरा नव्हेच, दोर आहे' ही अपन्हुती. निर्जीव गोष्ट माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. उताऱ्यातली बुटांसकट घुसणारी थंडी. प्रकार ओळखल्याचे गुण मिळत असतील, पण निबंध त्यावर उभा राहत नाही. उपमा की उत्प्रेक्षा यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वाद घालू नका. पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: या प्रकारांत उपमेय आणि उपमान यांतलं अंतर कमी कमी होत जातं. 'सारखा' म्हटलं की दोन वस्तू वेगळ्या राहतात, रूपकात त्या एक होतात. फँटसीत हे अंतर पुस्तकभर हळूहळू मिटवता येतं. पहिल्या प्रकरणात मुलीला आपली बोटं फांद्यांसारखी वाटतात, मध्यावर ती 'फांद्या पुढे करते', आणि शेवटच्या प्रकरणात बोटांना पालवी फुटते. अशी साखळी सापडली तर तिच्यावर अख्खा निबंध होतो.

ई-बुक असेल तर शोधसुविधा वापरा, पण बेतानं. 'सारख' एवढाच तुकडा टाका म्हणजे सारखा, सारखी, सारख्या सगळे येतील. त्याबरोबर 'जणू', 'प्रमाणे', 'भास' हेही. मग गाळणी लावा. 'तो सारखा मागे वळून पाहत होता' यात उपमा नाही. 'ठरल्याप्रमाणे' यातही नाही. आणि रूपक, चेतनगुणोक्ती, प्रतीक शोधून सापडत नाहीत, कारण त्यांच्यावर ओळखीची चिठ्ठी नसते. चांगला माल बहुतेक तिथेच असतो.

'पोटात गोळा आला', 'काळजाचं पाणी झालं' असे झिजलेले वाक्प्रचार वेचू नका. अपवाद एकच, आणि तो पुढच्या पायरीत आहे.

५. मुख्यार्थाची चाचणी

आपल्या काव्यशास्त्रात लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेणं, कधी सुरू होते याची एक अट सांगितली आहे: मुख्यार्थबाध. शब्दाचा सरळ अर्थ अडला की वाचक दुसऱ्या अर्थाकडे वळतो. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उदाहरण. पाण्याच्या प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, सबब 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर.

फँटसीत ही अटच डळमळते. तिथे वाडा खरंच प्रवाहावर उभा असू शकतो. सरळ अर्थ अडत नाही, म्हणून वाचकाला वळणाची खूण मिळत नाही. मग दोन चुका होतात. कुणी खरी घटना प्रतीक समजून तिचा तरल अर्थ लावतो, कुणी साधी चेतनगुणोक्ती जादू समजतो आणि 'या कादंबरीत थंडी हे एक पात्र आहे' असं लिहून मोकळा होतो.

उपाय म्हणून प्रत्येक संशयित वाक्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला: नियमांच्या पानावर हे बसतं का? सावली वेगळी होते असा नियम सापडला तर 'सावली उठली नाही' ही घटना. थंडीला बूट असतात असा नियम कुठेच नाही.

दुसरा: दुसऱ्या कुणी ते पाहिलं का? हा प्रश्न सगळ्यात उपयोगी. दारातल्या माणसानं सावली पाहिली आणि त्यावर तो बोलला. अलंकार फक्त निवेदकाला दिसतो. घटना खोलीतल्या इतरांनाही दिसते. थंडीच्या बुटांकडे कुणीही पाहिलं नाही.

तिसरा: त्याचा पुढे परिणाम होतो का? सावली मागे राहिली म्हणून पुढच्या प्रकरणात नेवा उन्हात चालायचं टाळते, तर घटना पक्की.

तिन्ही उत्तरं 'हो' आली की ती घटना आहे, अलंकाराच्या ढिगातून तिचं कार्ड काढा. पण फेकू नका. घटना असूनही तिला दुसरा अर्थ असतोच. आजीच्या मांडीवर पडून राहिलेली सावली ही त्या जगात खरी सावली आहे, आणि वाचकासाठी नेवाचं घर न सोडणारं मूलपणही. यंग अडल्ट फँटसीत जादू बहुतेक वेळा हेच दुहेरी काम करते. अंगात अचानक येणारी आणि आवरता न येणारी शक्ती वयात येण्याच्या इतकी जवळची असते की लेखकाला फारसं काही सांगावं लागत नाही. अशा कार्डांवर कोपऱ्यात 'घ' लिहा आणि वेगळी ठेवा. फक्त एकास एक जोड्या लावू नका. सावली म्हणजे बालपण, दोर म्हणजे नातं, समुद्र म्हणजे मृत्यू असा कोश तयार झाला की कादंबरी संपते आणि कोडं उरतं.

उत्तरं मिश्र आली तर? तेही लिहा. लेखकानं मुद्दाम धूसर ठेवलेलं वाक्य असू शकतं, विशेषतः नायिकेला आपल्या शक्तीचा पत्ता लागण्याआधीच्या प्रकरणांत.

आता तो अपवाद. झिजलेला वाक्प्रचार या चाचणीत 'घटना' ठरला तर तो सोनं आहे. 'शब्द दिला' असं चार वेळा सहज म्हटलं गेलं आणि पाचव्या वेळी शब्द देणाऱ्याच्या तोंडातून तो शब्द खरंच निघून गेला, पुन्हा उच्चारता येईना, तर ती पाचही वाक्यं वेचा.

६. कार्डं एकत्र मांडणं

मोठ्या टेबलावर किंवा जमिनीवर पात्रांची कार्डं डावीकडून उजवीकडे मांडा. प्रत्येकाखाली त्याच्या नजरेतली अलंकाराची कार्डं लावा. इथे निवेदनाची पद्धत तपासावी लागते. प्रथमपुरुषी निवेदन असेल तर सगळ्या उपमा त्या 'मी'च्या. तृतीयपुरुषी पण एकाच पात्राला चिकटून चालणारं निवेदन असेल तरी बहुतेक उपमा त्याच पात्राच्या धरता येतात. सर्वसाक्षी निवेदक असेल तर मात्र उपमा निवेदकाच्या आहेत. मग 'कुणाच्या नजरेतून' ऐवजी 'कुणाविषयी' या निकषावर कार्डं लावा. ही फेरतपासणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

आता फक्त उपमानं वाचा. नेवाची उपमानं दोर, गाठ, पीळ, जाळं. दारातला माणूस 'ठेव' म्हणतो. पुढे त्याच्या तोंडी 'व्याज', 'वसुली', 'खातं' असं येत गेलं तर त्याचं मन हिशोबाच्या वहीत राहतं. दोघं एकाच सावलीकडे पाहतात. त्याला तारण दिसतं. तिला काय दिसतं ते शोधा, कारण त्यांचं भांडण कधीतरी त्यावरूनच होणार आहे.

मग प्रत्येक ढिगाचे तीन भाग करा: पुस्तकाचा पहिला, मधला, शेवटचा तृतीयांश. समजा नेवाची ३६ कार्डं आहेत, प्रत्येक भागात १२. पहिल्या भागात ९ दोरा-गाठींची, मधल्या भागात ४, शेवटी एकच. हिशोबाचे शब्द मात्र मधल्या भागापासून तिच्याकडे येऊ लागले. ती त्या माणसाच्या भाषेत विचार करू लागली आहे, आणि हे कथानकात कुठेही सांगितलेलं नाही. उरलेलं एक दोराचं कार्ड कुठलं, ते आधी पाहा.

इथे दोन खबरदाऱ्या. वाक्यं तुम्हीच निवडलेली आहेत, त्यामुळे '७५ टक्के उपमा दोराच्या' असं लिहू नका. 'सुरुवातीच्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा' हे प्रामाणिक आहे. आणि दोन निवेदक पात्रांची उपमानं एकसारखीच निघाली तर ती जुळी भावंडं, मनानं जोडलेली माणसं, एकाच घरात वाढलेली पोरं आहेत का ते तपासा. तसं काही नसेल तर लेखकाचा हात सैल पडला असं म्हणायला हरकत नाही. आवडत्या पुस्तकातही हे आढळतं.

७. लिहिणं

एक हजार शब्दांच्या निबंधात चार किंवा पाच अलंकार पुरे. ४० कार्डांतली ३५ बाजूला पडतात याचं वाईट वाटून घेऊ नका. ती पाच निवडता यावीत म्हणून ती होती.

परिच्छेद पात्रापासून सुरू करा, अलंकारापासून नको. 'लेखिकेनं उपमेचा सुंदर वापर केला आहे' हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं, म्हणजे कुठल्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाही. तुलना करून पाहा.

कच्चं: 'आजीचा चेहरा भिजलेल्या दोरासारखा आवळला होता, या उपमेतून आजीचा कठोर स्वभाव प्रभावीपणे व्यक्त होतो.'

पक्कं: 'आजी निरोपाचा एकच शब्द बोलते, पण नेवाला तिचा चेहरा "भिजलेल्या दोरासारखा" आवळलेला दिसतो. दोर वळणाऱ्या घरातल्या मुलीला ओला दोर का आखडतो हे सांगावं लागत नाही. आजीचं रडू तिनं ओळखलं आहे, आणि ते ओळखल्याचं ती आजीला कळू देत नाही. दोघीही एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत आहेत.'

दुसऱ्या परिच्छेदात उपमा एकीची आणि कळल्या दोघी. अवतरण दोनच शब्दांचं आहे, हेही पाहा. अख्खं वाक्य उतरवलं की ते समजावून सांगण्याची जबाबदारी टाळली जाते. कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात लिहा: 'नेवा उठते', 'सावली उठत नाही'. भूतकाळ फक्त कथेआधी घडून गेलेल्यासाठी.

शेवटी प्रत्येक अवतरण कार्डावरून न तपासता पुस्तकातून तपासा. नावांचं लेखन सगळीकडे एकच आहे का पाहा. नेवाची मध्येच निवा होते. उतरवताना 'सारखा'च्या जागी 'जणू' गेलं नाही ना, हेही बघा. उपमेची उत्प्रेक्षा झाली आणि तुम्ही त्या 'सारखा'वरच परिच्छेद रचला असेल, तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.